न्यूट्रॉन-म्युऑन बीमटाइम वाया जाऊ नये म्हणून: सॅम्पलपासून डेटापर्यंत सगळ्या पायऱ्या, क्रमाने

बीमटाइम, म्हणजे न्यूट्रॉन किंवा म्युऑनच्या झोताने आपलं सॅम्पल मोजायला मोठ्या केंद्रात मिळणारा वेळ, असतो दोन, तीन, फार तर पाच दिवसांचा, आणि त्यातला बराचसा वेळ सॅम्पल बदलण्यात आणि थंड व्हायची वाट बघण्यातच जातो. मी बऱ्याच ग्रुप्सबरोबर बीमवर बसलोय, आणि जे बिघडतं ते जवळपास प्रत्येक वेळी बीमवर पोचायच्या कितीतरी आधीच बिघडलेलं असतं: चुकीचा आयसोटोप, ओलसर पावडर, चुकीच्या गॅसमध्ये सील केलेला कॅन (सॅम्पल भरायची डबी), नाहीतर उलट्या क्रमाने ठरवलेले रन (एकेक मोजणी). एकदा शटर उघडलं की यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही. म्हणून खाली सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहिलंय. तयारीच्या पायऱ्या मुद्दाम लांब आहेत, त्या गाळून थेट बीमच्या भागावर उडी मारू नका.

## पायरी १: कुठला बीम हवाय ते आधी ठरवा

"मटेरियल मॅग्नेटिक आहे का ते बघायचंय" एवढ्यावर बीमटाइम मागू नका. न्यूट्रॉनवरून कळतं की मोमेंट (अणूंचे छोटे चुंबक) कसे रचलेत, कुठल्या दिशेला आहेत, किती मोठे आहेत आणि किती एनर्जीने हलतायत. म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखा पण जड, क्षणभर जगणारा कण) मटेरियलच्या आत एका जागी जाऊन थांबतो आणि फक्त तिथलं लोकल फील्ड सांगतो, त्यामुळे मोमेंट अगदी बारीक असला, ऑर्डर लांबवर पसरलेली नसली किंवा सॅम्पलचा काहीच भाग मॅग्नेटिक झालेला असला तरी तो पकडतो, पण स्पिनची रचना नेमकी कशी आहे हे त्याला एकट्याला सांगता येत नाही. दोन्ही लागणार असतील तर आधी म्युऑन, मग न्यूट्रॉन. म्युऑनमधून सॅम्पल सहसा लगेच परत मिळतं, न्यूट्रॉनमधून रेडिओॲक्टिव्ह होऊन महिनोन्महिने तिथेच अडकू शकतं.

म्युऑनसाठी सोर्सचा प्रकार फार महत्त्वाचा, आणि लोक तो बघतच नाहीत. इंग्लंडमधला आयसिस आणि जपानमधला जे-पार्क हे पल्स्ड सोर्स आहेत, म्हणजे म्युऑन झुंडीने येतात. आयसिसला एका झुंडीची रुंदी साधारण ८० नॅनोसेकंद असते, त्यामुळे १० मेगाहर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वेगाने फिरणारा सिग्नल पुसून जातो. म्युऑनचा स्पिन फील्डभोवती फिरतो त्याची फ्रिक्वेन्सी दर टेस्लाला १३५.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे आतलं फील्ड ०.०७ टेस्लाच्या वर गेलं की ऑसिलेशन दिसत नाहीत, नुसती सुरुवातीची असिमेट्री (पुढच्या आणि मागच्या डिटेक्टरच्या मोजणीतला फरक) कमी झालेली दिसते. स्वित्झर्लंडमधला पॉल शेरर इन्स्टिट्यूट आणि कॅनडामधला ट्रायम्फ इथे म्युऑन सलग येतात, तिथे वेगवान ऑसिलेशन नीट दिसतात, पण साधारण १० मायक्रोसेकंदांनंतर बॅकग्राउंड डोकं वर काढतं. स्लो रिलॅक्सेशन (सिग्नल हळूहळू विझणं) बघायचं असेल तर पल्स्ड, ऑर्डर्ड मॅग्नेटचं मोठं फील्ड मोजायचं असेल तर सलग. एवढी एक गोष्ट बरोबर निवडली तरी अर्धं काम झालं.

न्यूट्रॉनमध्ये बघायचं ते मुख्यतः रेंज. मॅग्नेटिक पीक लांब डी-स्पेसिंगला (अणूंच्या थरांमधलं अंतर) असतात, आणि तुमची मॅग्नेटिक युनिट सेल मोठी असेल तर १० अँगस्ट्रॉमच्या पुढे काय दिसतं हे इन्स्ट्रुमेंटच्या पानावर बघा. आयसिसचं पहिलं टार्गेट सेकंदाला ४० पल्स घेतं आणि दुसरं १०, आणि लांब वेव्हलेंग्थचं काम दुसऱ्यावर असतं ते यामुळेच, कारण दोन पल्समध्ये जास्त वेळ असेल तरच हळू न्यूट्रॉन पुढच्या पल्सच्या न्यूट्रॉनमध्ये न मिसळता पोचतात.

तपासा: हाच प्रश्न लॅबमधल्या एक्स-रेने किंवा मॅग्नेटायझेशनने सुटतो का? सुटत असेल तर ते आधी करा, बीमटाइम वाटणारी कमिटीसुद्धा तुम्हाला हेच विचारणार आहे.

## पायरी २: ॲब्सॉर्प्शनचं गणित, कागदावर, प्रपोजल लिहायच्या आधी

ही पायरी वगळल्यामुळे मी सगळ्यात जास्त बीमटाइम वाया गेलेला पाहिलाय. एक्स-रेसारखं इथे जड एलिमेंट जास्त शोषतं असं काही नसतं, शेजारच्या दोन एलिमेंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. १.८ अँगस्ट्रॉमच्या न्यूट्रॉनसाठी ॲल्युमिनियमचा ॲब्सॉर्प्शन क्रॉस सेक्शन (एक अणू न्यूट्रॉन किती शोषतो त्याचं माप, बार्न या एककात) ०.२३ बार्न, कोबाल्टचा ३७, नैसर्गिक लिथियमचा ७०, इंडियमचा १९४, इरिडियमचा ४२५, बोरॉनचा ७६७, कॅडमियमचा २५२०, सॅमेरियमचा ५९०० च्या वर आणि गॅडोलिनियमचा तर जवळपास ४९,७००. यातलं एखादं नाव तुमच्या फॉर्म्युल्यात दिसलं तर तिथेच थांबा आणि गणित करा.

गणित सोपं आहे. घनता आणि फॉर्म्युला वजनावरून एका घन सेंटिमीटरमध्ये किती फॉर्म्युला युनिट आहेत ते काढा, त्याला एका युनिटच्या एकूण ॲब्सॉर्प्शनने गुणा, आलेल्या आकड्याचा व्यस्त म्हणजे बीम किती खोलीवर ३७ टक्क्यांवर येतो ते अंतर. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड घ्या. घनता ५.०५, फॉर्म्युला वजन सुमारे ९८, लिथियम आणि कोबाल्ट मिळून १०८ बार्न. अंतर येतं ३ मिलिमीटर. पावडर निम्म्या घनतेने भरली जाते म्हणून प्रत्यक्षात ५-६ मिलिमीटर धरा, म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या कॅनमध्ये करेक्शन लावून भागतं, १० च्या कॅनमध्ये अवघड होतं. तेच लिथियम-७ वापरून बनवलं तर लिथियमचं ॲब्सॉर्प्शन जवळपास नाहीसं होतं आणि घन मटेरियलमध्येच अंतर ८ मिलिमीटरच्या पुढे जातं. ॲब्सॉर्प्शन वेव्हलेंग्थच्या प्रमाणात वाढतं हेही विसरू नका, ५ अँगस्ट्रॉमच्या कोल्ड (हळू) न्यूट्रॉनसाठी हे सगळे आकडे जवळपास तिपटीने वाईट होतात.

बोरॉन असेल तर बोरॉन-११ शिवाय न्यूट्रॉनचा विचारच करू नका, कारण नैसर्गिक बोरॉनमधला २० टक्के बोरॉन-१० सगळं खाऊन टाकतो. गॅडोलिनियमला गॅडोलिनियम-१६० हा चांगला पण महाग मार्ग, नाहीतर हॉट (वेगवान) न्यूट्रॉन आणि पातळ थर. आणि म्युऑनला यातल्या कशाचाच फरक पडत नाही, त्यामुळे कधीकधी खरं उत्तर "हे सॅम्पल म्युऑनला न्या" एवढंच असतं.

इशारा: एनरिच्ड आयसोटोप मागवून, त्यातून नवीन बॅच बनवून, ती परत तपासेपर्यंत काही महिने जातात. प्रपोजल मंजूर झाल्यावर आयसोटोप मागवू असं म्हणणाऱ्यांच्या हातात बीमटाइमच्या आठवड्यात नैसर्गिक बोरॉनचंच सॅम्पल असतं.

## पायरी ३: हायड्रोजनचा हिशोब, वेगळा आणि सक्तीचा

हायड्रोजन न्यूट्रॉन फारसे शोषत नाही पण त्यांना सगळीकडे विखुरतो, त्याचा इनकोहेरंट (पीक न देता विखुरण्याचा) क्रॉस सेक्शन ८० बार्न आहे, ड्युटेरियमचा (जड हायड्रोजन) फक्त २. डिफ्रॅक्शनमध्ये याचा अर्थ उंच बॅकग्राउंड आणि त्यात बुडालेले मॅग्नेटिक पीक.

"आमच्या फॉर्म्युल्यात हायड्रोजन नाहीये" म्हणून लोक निवांत राहतात. पण पावडर हवेतलं पाणी धरून ठेवते. १० ग्रॅम ऑक्साइड पावडर घ्या, फॉर्म्युला वजन २३०, एका युनिटचं एकूण स्कॅटरिंग ३० बार्न. त्यात वजनाने फक्त १ टक्का पाणी असेल तर त्या पाण्यातल्या हायड्रोजनचं स्कॅटरिंग अख्ख्या सॅम्पलच्या दोन-तृतीयांश भरतं. एक टक्का! नुसत्या डोळ्यांनी पावडर कोरडीच वाटते. म्हणून व्हॅक्युम ओव्हनमध्ये सुकवायची, आधी आणि नंतर वजन करायचं, आणि सुकवल्यावर ग्लोव्हबॉक्समध्येच भरायची.

हायड्रोजनचं हलणंच मोजायचं असेल, म्हणजे क्वासी-इलॅस्टिक, तर उलट काळजी: सॅम्पल पातळ पाहिजे, नाहीतर न्यूट्रॉन दोन-तीनदा विखुरला जाऊन येतो. बीमचा १० टक्के भाग विखुरला जाईल एवढी जाडी ठेवा. साध्या पाण्यासाठी ती जेमतेम ०.२ मिलिमीटर येते, म्हणूनच दोन सिलिंडरच्या मधल्या फटीत सॅम्पल भरायचे कॅन असतात.

स्मॉल अँगल स्कॅटरिंगवाल्यांनो (म्हणजे नॅनो आकाराच्या रचना बघणाऱ्यांनो), तुमचा काँट्रास्टचा हिशोब घरीच करून या. साध्या पाण्याची स्कॅटरिंग लेंग्थ डेन्सिटी (मटेरियल न्यूट्रॉनला किती ठळक दिसतं त्याचं माप) उणे ०.५६ आणि जड पाण्याची ६.३६ (दोन्ही दहाच्या उणे सहाव्या घातात, दर चौरस अँगस्ट्रॉमला), सिलिका साधारण ३.४७, म्हणजे सिलिका लपवायचा असेल तर ५८ टक्के जड पाणी. क्वार्ट्झ सेल जास्त जड पाण्याला २ मिलिमीटरचे, साध्या पाण्याला १ चे. जड पाण्याची बाटली उघडी ठेवली की ती हवेतलं साधं पाणी ओढून घेते, उघडलेली बाटली पुढच्या महिन्यात वापरू नका.

## पायरी ४: प्रपोजल

यात मी फार वेळ घालवत नाही, कारण वरच्या तीन पायऱ्या केल्या असतील तर प्रपोजल निम्मं लिहून झालेलं असतं. इन्स्ट्रुमेंट सायंटिस्टला डेडलाइनच्या तीन-चार आठवडे आधी मेल करा, शेवटच्या दोन दिवसांत नको, त्यांना तेव्हा पंचवीस मेल आलेले असतात. मेलमध्ये फॉर्म्युला, किती ग्रॅम आहे, टेम्परेचर आणि फील्डची रेंज, आणि नेमकं काय बघायचंय एवढंच लिहा. ते तुम्हाला सरळ सांगतील की हे इथे होणार नाही, शेजारच्या इन्स्ट्रुमेंटवर जा, आणि तो सल्ला ऐका.

कमिटी दोन ठिकाणी अडते. एक, त्याच बॅचचा एक्स-रे आणि मॅग्नेटायझेशन किंवा स्पेसिफिक हीट दाखवलेली नसते. दुसरं, दिवसांचा हिशोब नसतो. "४ दिवस पाहिजेत" असं लिहू नका, लिहा की ९ टेम्परेचर, प्रत्येकी ४ तास, थंड करायला आणि सॅम्पल बदलायला ८ तास, रिकामा कॅन ६ तास, कॅलिब्रेशन २ तास, एकूण ५२. असा हिशोब दिला की दिवस कापले तरी नक्की काय सोडायचं ते तुम्हाला माहीत असतं.

## पायरी ५: सॅम्पल बनवणं आणि तेच सॅम्पल तपासणं

किती लागतं? न्यूट्रॉन पावडर डिफ्रॅक्शनला १ ते ५ ग्रॅम, इनइलॅस्टिकला (न्यूट्रॉनची एनर्जी किती बदलली ते मोजणं) ५ ते २० ग्रॅम, म्युऑनला १ ग्रॅमच्या आसपास. मोमेंट लहान असेल तर वरचा आकडा धरा.

इथे एक चूक वारंवार होते. पेपरमधला सुंदर डेटा २०० मिलिग्रॅमच्या बॅचवरचा असतो, आणि न्यूट्रॉनसाठी १० ग्रॅम बनवताना मोठ्या क्रुसिबलमध्ये उष्णता सारखी पोचत नाही, मध्ये रिॲक्शन अर्धवट राहते. मग लोक पाच छोट्या बॅच बनवून एकत्र करतात, आणि त्यातल्या एका बॅचचं ट्रांझिशन (मॅग्नेटिक ऑर्डर सुरू होते ते टेम्परेचर) २ केल्विनने सरकलेलं असतं. प्रत्येक बॅचचा एक्स-रे आणि मॅग्नेटायझेशन वेगळं घ्या, जुळल्या तरच मिसळा, आणि मिसळल्यावर परत एकदा घ्या.

म्युऑनसाठी अजून एक बघा. फेरोमॅग्नेटिक अशुद्धी १ टक्का असली तरी तिचं भटकं फील्ड आजूबाजूला पसरतं आणि तुमच्या सॅम्पलमधल्या म्युऑनना हलवतं, आणि मग तुम्ही त्याला आंतरिक मॅग्नेटिझम म्हणून छापायला जाता.

तपासा: बाटलीवर बॅच नंबर, तारीख, वजन, आणि "सुकवलं / नाही" असं लिहिलंय का? पहाटे तीन वाजता दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या समोर असतात तेव्हा हे लेबलच उपयोगी पडतं.

## पायरी ६: न्यूट्रॉनचा कॅन, सील आणि आतला गॅस

डिफ्रॅक्शनला व्हॅनेडियमचा कॅन, कारण त्याचं कोहेरंट स्कॅटरिंग इतकं कमी आहे की त्याचे ब्रॅग पीक जवळपास दिसतच नाहीत. ॲल्युमिनियमचे पीक ठसठशीत दिसतात, ते इनइलॅस्टिक आणि क्वासी-इलॅस्टिकला चालतात. व्यास पायरी २ मधल्या गणितावरून ठरवा. भरताना थोडं थोडं भरून टिचक्या मारत बसवा, आणि भरलेल्याची उंची मोजून लिहून ठेवा, ॲब्सॉर्प्शन करेक्शनला खरी घनता लागते आणि नंतर ती कुणालाच आठवत नाही.

सील थंडीसाठी इंडियमच्या तारेचं, दोन्ही टोकं एकमेकांवर थोडी चढवून, आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत. इंडियम १५७ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे फर्नेसच्या कामाला ते चालत नाही. शिवाय ते न्यूट्रॉन शोषतं, बीममध्ये येऊ देऊ नका.

आता गॅस. आमच्या एका एक्सपेरिमेंटमध्ये पावडर आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये भरली, तशीच सील केली, आणि ४ केल्विनला सहा तास मोजत बसलो. स्पेसिफिक हीटमध्ये ११ केल्विनला स्वच्छ ट्रांझिशन होतं आणि पॅटर्नमध्ये एकही नवा पीक नाही. थर्मामीटर कॅनच्या वर होता, तो ४ च दाखवत होता. आर्गॉन ८४ केल्विनला गोठतो, त्याखाली पावडरीच्या कणांमधून उष्णता बाहेर न्यायला काहीच उरत नाही, आमची पावडर कित्येक पट गरम राहिली होती. रात्री कॅन काढून हिलियम भरला, परत थंड केला, पीक आला, पण एक अख्खा दिवस गेला होता. नायट्रोजनची गोष्टही तीच, तो ६३ ला गोठतो.

इशारा: आर्गॉन किंवा नायट्रोजनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये भरलंत तर शेवटी कॅन पंप करून हिलियम भरल्याशिवाय सील करू नका. १ केल्विनच्या खाली जायचं असेल तर साधा एक वातावरणाचा हिलियमही पुरत नाही, काही बार दाबाने भरावा लागतो आणि त्यासाठी त्या दाबाला तपासलेला खास कॅन लागतो, तो आधीच सांगून ठेवा.

सिंगल क्रिस्टल चिकटवायचा असेल तर ग्लूमध्ये हायड्रोजन असतो हे लक्षात ठेवा, फ्लोरिनवाला ग्लू मिळाला तर तोच घ्या. कॅडमियमने होल्डर झाकताना तो साधारण ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर जवळपास पारदर्शक होतो, जास्त एनर्जीच्या कामाला बोरॉनवालं शील्डिंग मागा.

## पायरी ७: म्युऑनचं माउंटिंग

सरफेस म्युऑनची एनर्जी फक्त ४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, ते दर चौरस सेंटिमीटरला साधारण १५० मिलिग्रॅम मटेरियल ओलांडून थांबतात. म्हणून जाडी मिलिमीटरमध्ये ठरवू नका, घनतेने ठरवा. पावडर भरून ३.६ घनतेची झाली तर म्युऑन ०.४ मिलिमीटरवर थांबतात, १ मिलिमीटरचा थर निवांत पुरतो. हलक्या ऑरगॅनिक मटेरियलला तेच अंतर दीड मिलिमीटर होतं, थर २-३ चा करा. सॅम्पल पातळच असेल तर पुढे चांदीचे पातळ फॉइल लावून म्युऑनचा वेग कमी करता येतो.

मागची प्लेट चांदीची, कारण तिच्यातल्या न्यूक्लियसचे मोमेंट इतके लहान असतात की म्युऑन तिथे जवळपास रिलॅक्स होत नाही, आणि बॅकग्राउंड सपाट आणि ओळखता येण्यासारखं राहतं. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची प्लेट हाताशी आहे म्हणून लावू नका. सॅम्पल बीमपेक्षा लहान असेल तर उरलेला भाग हेमाटाइटने झाका, त्यात पडलेल्या म्युऑनचं पोलरायझेशन झटकन जातं आणि तो सिग्नल वाटेत येत नाही.

तपासा: फॉर्म्युल्यात फ्लोरिन आहे का? म्युऑन दोन फ्लोरिनच्या मध्ये जाऊन बसतो आणि ट्रांझिशनच्या वरसुद्धा ऑसिलेशन देतो. याला मॅग्नेटिक ऑर्डर समजून लोक उड्या मारतात.

## पायरी ८: निघायच्या आधी

सेफ्टी फॉर्ममध्ये सॅम्पलचं पूर्ण नाव, वजन, विषारीपणा आणि एलिमेंटची यादी भरा, कारण त्याच यादीवरून नंतर किती ॲक्टिव्हेशन होईल ते काढतात. फॉर्म भरल्यावर सॅम्पल बदललं तर फॉर्मही बदला.

आणि रन प्लॅन लिहा. एका कागदावर, तासासकट, आणि प्रत्येक रनसमोर "हा सोडला तर काय जातं" हेही. बीम अधूनमधून पडतोच, कधी तासभर कधी रात्रभर, आणि तेव्हा झोपेत निर्णय घेण्यापेक्षा कागदावर बघून घेतलेला बरा.

## पायरी ९: बीमवर, रनचा क्रम

न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनमध्ये पहिला लांब रन ट्रांझिशनच्या थोडा वर घ्या, खोलीच्या तापमानाला नको. ३०० केल्विनचा पॅटर्न थंड पॅटर्नमधून वजा केला की लॅटिस आकसल्यामुळे पीक सरकलेले असतात आणि वजाबाकीत सगळीकडे वर-खाली लाटा दिसतात, त्यातच बारीक मॅग्नेटिक पीक हरवतो. त्यानंतर सगळ्यात खालचं टेम्परेचर, आणि मग मधले. उलट करून १० केल्विनपासून एकेक डिग्री खाली गेलात आणि बीम पडला तर सगळ्यात महत्त्वाचा रनच राहून जातो.

रिकामा कॅन त्याच क्रायोस्टॅटमध्ये, त्याच टेम्परेचरला, त्याच स्लिटने. क्वासी-इलॅस्टिकला रेझोल्यूशनसाठी तेच सॅम्पल सगळ्यात थंड करून मोजा, फक्त व्हॅनेडियमवर भागवू नका.

म्युऑनचा क्रम असा:

१. ट्रांझिशनच्या वर २ मिलिटेस्ला ट्रान्सव्हर्स (म्युऑनच्या स्पिनला आडव्या) फील्डमध्ये छोटा रन. फ्रिक्वेन्सी ०.२७ मेगाहर्ट्झ यायला पाहिजे. यातून अल्फा काढा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या डिटेक्टरचा समतोल. सॅम्पल किंवा क्रायोस्टॅट हलवला की परत.

२. मग झिरो फील्डचे सगळे रन, मोठं फील्ड लावायच्या आधी. मॅग्नेटमध्ये आणि सुपरकंडक्टर सॅम्पलमध्ये फील्ड अडकून बसतं, आणि तुमचं झिरो फील्ड शून्य राहत नाही.

३. मग लाँगिट्यूडिनल (स्पिनच्या दिशेतलं) फील्ड. छोट्या फील्डमध्ये रिलॅक्सेशन निघून गेलं तर आतलं फील्ड स्थिर होतं, टिकून राहिलं तर ते हलतंय.

४. सुपरकंडक्टरचं ट्रान्सव्हर्स फील्ड असेल तर प्रत्येक वेळी ट्रांझिशनच्या वर जाऊन, फील्ड लावून, मग थंड करा. थंड असताना फील्ड बदललं की व्हॉर्टेक्सची जाळी वेडीवाकडी होते आणि तुमची पेनिट्रेशन डेप्थ चुकते.

मॅग्नेटिक सॅम्पल असेल तर एक सोपी तपासणी जमेल तशी करा: ट्रांझिशनच्या खाली २ मिलिटेस्लामध्ये परत एक रन. सॅम्पलमधले म्युऑन आता त्या फ्रिक्वेन्सीला फिरत नाहीत, जे फिरताना दिसतात ते चांदीतले. हा तुमचा बॅकग्राउंडचा आकडा, नंतर फिटमध्ये तो मोकळा सोडू नका.

## पायरी १०: रन चालू असताना

डेटा तिथल्या तिथे रिड्यूस करून बघा, मँटिड या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांत होतं. टेम्परेचर स्थिर झालं असं थर्मामीटर म्हणाला तरी सॅम्पलवर विश्वास ठेवा: पहिले पंधरा मिनिटं आणि पुढचे पंधरा मिनिटं वेगळे करून बघा, पीक सरकत असेल तर पावडर अजून थंड होतेय.

रन कधी थांबवायचा? स्टॅटिस्टिक्स वर्गमुळाने सुधारतं, एरर निम्मा करायला चौपट वेळ जातो. म्युऑनचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे १ कोटी म्युऑनपैकी २२ मायक्रोसेकंदांनंतर जेमतेम साडेचारशे उरतात. ज्याला स्लो टेल बघायची आहे त्याने कमी पॉइंट आणि लांब रन घ्यावेत, ज्याला ट्रांझिशन नक्की कुठे आहे ते हवंय त्याने छोटे रन आणि जास्त पॉइंट. दोन्ही एकाच सेटमध्ये बसवायला गेलात तर दोन्ही अर्धवट येतात.

लॉगबुकमध्ये रन नंबर, टेम्परेचर, फील्ड, आणि का सुरू केला तेही एका ओळीत लिहा. स्लिट बदलली, कॅन फिरवला, बीम पडला, सगळं.

## पायरी ११: संपल्यावर

सॅम्पल लगेच मिळेलच असं नाही. सोडियम-२४ चा हाफ-लाइफ १५ तास, मँगनीज-५६ चा २.६ तास, ते काही दिवसांत शांत होतात. पण कोबाल्ट-६० चा ५.३ वर्षं, युरोपियम-१५२ चा साडेतेरा वर्षं, आणि चांदीचा एक आयसोटोप २५० दिवसांचा, म्हणून म्युऑनचा चांदीचा होल्डर कधीही न्यूट्रॉन बीममध्ये टाकू नका. स्पेसिफिक हीट, मॅग्नेटायझेशन अजून करायचं असेल तर थोडी पावडर बीमवर न नेता घरीच ठेवा.

डेटाबरोबर रिकाम्या कॅनचा, व्हॅनेडियमचा आणि कॅलिब्रेशनचा रनही कॉपी केला का ते बघा. रिटवेल्ड (अख्ख्या पॅटर्नला मॉडेल जुळवणं) करताना आधी पॅरामॅग्नेटिक पॅटर्न पूर्ण फिट करा, मग स्केल आणि बॅकग्राउंडचा आकार तिथूनच घेऊन थंड पॅटर्नमध्ये मॅग्नेटिक फेज टाका. थर्मल पॅरामीटर आणि मोमेंट एकदम मोकळे सोडले तर फिट सुंदर दिसतं आणि मोमेंट चुकीचा येतो. म्युऑनमध्ये अल्फा पायरी ९ मधल्या रनवरून पक्का करा, आणि पल्स्ड सोर्सचा डेटा असेल तर सुरुवातीच्या मायक्रोसेकंदावर डेडटाइम (एक काउंट घेतल्यावर डिटेक्टर क्षणभर आंधळा असतो तो वेळ) करेक्शन लागलंय का ते बघा, ते राहिलं तर सुरुवातीच्या काउंट मोजण्यातून निसटतात आणि नसलेलं रिलॅक्सेशन दिसायला लागतं.